रावसाहेबांना झोप लागते

त्या कादंबरीचं नाव मला विचारू नका. सांगितलं तर तुम्ही ती मागाल, आणि माझ्या दुकानात तिची एकही प्रत उरलेली नाही. होत्या तेवढ्या रावसाहेब महादेवरावांनी उचलल्या. लाल पुठ्ठ्याची, जाडजूड, आत दोन चित्रं. एकात बेड्या घातलेला कैदी, दुसऱ्यात खिडकीशी ब्रँडीचा पेला धरून बसलेला पोलीस इन्स्पेक्टर. त्या वर्षी नागपुरात ज्यानं ज्यानं ती वाचली त्यानं रावसाहेबांच्या शिफारशीवरून वाचली, आणि रावसाहेबांनी वाचली ती माझ्या शिफारशीवरून.

माझं दुकान इतवारीत, कोष्ट्यांच्या एका गल्लीच्या तोंडाशी. शाळेची पुस्तकं, पंचांगं, दौती आणि टाक पोटासाठी, कादंबऱ्या हौसेसाठी. गल्ल्यावर बसून बसून मी गिऱ्हाइकांची खाती पाडली आहेत. वकील मंडळी शेवटचं पान आधी उघडतात. कॉलेजातली पोरं मधली पानं चाळतात, कशासाठी ते सांगायला नको. पेन्शनर मात्र पहिल्या पानापासून, छापखान्याच्या पत्त्यासकट, अक्षर न् अक्षर वाचतात. पैसे मोजलेले असतात ना! नत्थूजी कोष्टी यांतल्या कुठल्याच खात्यात बसत नव्हता, कारण त्याला वाचताच येत नव्हतं.

तो ऐकायचा. दिवेलागणीला मी दुकानाच्या ओट्यावर एखाद्या नव्या कादंबरीचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवत असे. सेवा वगैरे काही नाही, धंद्याची युक्ती. खुनी खिडकीतून आत शिरला की पुस्तक मिटायचं. ज्याला पुढचं हवं त्यानं भाडं भरून घरी न्यावं. नत्थूजी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर.

"भैयाजी, थो सुटला का गा?"

"पुस्तक घेऊन जा, कळेल."

"मले वाचता आलं असतं तं तुह्या दारात उभा राह्यलो असतो काय? सांग न बाप्पा. धोटा हातात घेतो अन् मन तिकडंच अडकून राह्यते. दोन धागे तोडले सकाळपासून."

मग मी शेवट सांगून टाकायचो. फुकट. आमच्या धंद्यात याला बुडीत खातं म्हणतात.

असा हा माणूस खुनी ठरला. एका सूतव्यापाऱ्याचा मुनीम पहाटे गोदामात मरून पडलेला सापडला, डोक्यात लोखंडी वजन घातलेलं. आदल्याच दिवशी नत्थूजीनं भर बाजारात त्याच्या अंगावर सुताची लडी भिरकावली होती आणि "हे सूत हाय का भुसा?" म्हणून सगळ्यांदेखत त्याचे वाभाडे काढले होते. शिवाय गोदामाच्या चौकीदारानं अंधुक उजेडात एक उंच, वाकलेला माणूस जाताना पाहिला. आता आमच्या गल्लीत वाकलेला कोण नाही? जन्मभर मागावर बसल्यावर पाठ आणखी काय करणार?

पण त्या पहाटे नत्थूजीच्या सुताची पांजणी होती. पांजणी म्हणजे विणण्याआधी उभं सूत गल्लीभर ताणून धरायचं, त्याला कांजी चोपडायची आणि ती वाळायच्या आत कुंच्यानं धागा न् धागा मोकळा करत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. उजाडण्याआधी सुरू करायचं आणि ऊन तापायच्या आत संपवायचं. मधेच कुंचा टाकून कोणी गेला तर सगळं सूत चिकटून बसतं, मग ते चुलीत घालायच्याच लायकीचं. त्या पहाटे कुंचा नत्थूजीच्या हातात होता आणि अर्धी गल्ली त्याच्या सोबतीला होती. असा पुरावा श्रीमंताला विकत मिळत नाही.

महादेवराव तेव्हा इन्स्पेक्टर होते, रावसाहेब नव्हते. पहिल्या दिवशी ते गल्लीत आले आणि एकेकाला बोलावून विचारलं. ज्यानं त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. एक म्हणाला, कांजी पातळ झाली म्हणून नत्थूजीनं मला आईवरून शिव्या घातल्या. दुसरा म्हणाला, तुटलेला धागा तो दातानं जोडत होता, मी हसलो तर माझ्यावर थुंकला. रंभाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिनं सांगितलं, की आपल्या शेळीनं कांजी भरलेल्या गंजात तोंड घातलं, नत्थूजीनं तिच्या तोंडावर कुंचा हाणला, शेळी पांढरंफटक तोंड घेऊन गल्लीभर बोंबलत पळाली, आणि आपण नत्थूजीच्या सात पिढ्या उद्धारल्या. महादेवराव पोट धरून हसले म्हणे. हसले, पण लिहून काही घेतलं नाही. चौकीदार आणि बाजारातलं भांडण त्यांच्या कागदावर आधीच बसलं होतं. शेळीला जागा कुठे?

पुढची चूक आमच्या गल्लीची. बाबनराव हा तिथला पंच. या गल्लीची जुनी रीत अशी, की पंचायतीपुढे कुठली गोष्ट जायची असली तर आधी सगळ्यांनी बसून एक बोलणं ठरवायचं आणि मग जो तो तेच बोलणार. एकाचं दुसऱ्याशी जुळलं नाही तर दोघांचीही शोभा. कोर्ट म्हणजे त्यांच्या हिशेबी मोठी पंचायत. बाबनरावानं साक्षीदारांना बसवून बजावलं, "तिथं शिव्या, थुंकी, शेळी असं काही काढू नका. साहेब लोकांसमोर गल्लीची लाज जाईन." आणि एक सुंदर, धुतलेलं वाक्य सगळ्यांकडून घोकून घेतलं. कोर्टात एकामागून एक उभे राहिले आणि एकाच सुरात म्हणाले, "नत्थूजी उजाडण्याआधीपासून ऊन तापेपर्यंत पांजणीवर होता, एक पाऊल हलला नाही, हे आम्ही देवासमक्ष सांगतो." रंभाबाईसुद्धा! जिच्या तोंडून सरळ वाक्य कधी कोणी ऐकलं नव्हतं, ती शाळेतल्या पोरीसारखी बोलली. सरकारी वकील हसला. जज्जसाहेबांनी विचारलं, पोपट कोणी पढवले?

मग महादेवरावांना विचारण्यात आलं, की पहिल्या दिवशी या लोकांनी तुम्हाला हेच सांगितलं होतं का. ते म्हणाले, "नाही. असं काही सांगितलं नव्हतं."

खोटं बोलले नाहीत. असं खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

फाशी टळली, जन्मठेप झाली. नत्थूजीला आगगाडीनं जावं लागे अशा दूरच्या जेलात धाडलं. महादेवरावांना यथावकाश रावसाहेबी मिळाली, पेन्शन मिळाली, रामदासपेठेत बंगला झाला. नत्थूजीची बायको भागीरथा दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत राहिली.

पुढं सदतीस साली नवं मंत्रिमंडळ आलं आणि जुन्या कैद्यांचे दयेचे अर्ज पाहिले जातील अशी हवा सुटली. एका भल्या वकिलानं भागीरथेचा अर्ज लिहून दिला. कचेरीतून कळलं, की ज्या अंमलदारानं तपास केला त्याचं मत मागवतील आणि सगळं त्या मतावर अडेल. भागीरथा रावसाहेबांच्या फाटकापर्यंत जाऊन आली. माळ्यानं निरोप आणून दिला, "केस संपली." तिथून ती थेट माझ्या दुकानात आली.

"भैयाजी, साहेबाले मी काही जास्त मांगत नाही गा. रंभाबाईनं पह्यल्या दिवशी शेळीचं सांगितलं होतं, थे त्यानं आपल्या कानानं आयकलं. रंभाबाई मरून गेली. बाबनराव गेला. आता थे शेळी फक्त साहेबाच्या डोक्यात हाय. त्यानं कागदावर शेळी लिवली तरी मले पुरे."

मी विचारात पडलो. माझी एक समजूत होती, धंद्यातून आलेली: माणसाला तोंडावर सांगितलेलं झोंबतं, पण तेच छापून, बांधून, किंमत लावून दिलं तर तो पैसे देऊन घरी नेतो आणि मान डोलावतो. लाल पुठ्ठ्याची कादंबरी नुकतीच आली होती. मी ती वाचली होती. अर्जाचा कागद रावसाहेबांकडे जायला अजून अवकाश होता.

रावसाहेब पंचांगासाठी आले. मी ती कादंबरी त्यांच्यादेखत उचलली आणि घाईघाईनं फडताळात टाकली.

"काय लपवता हो, भैयाजी?"

"काही नाही. तुमच्या कामाची नाही."

"दाखवा तर."

"पोलिसांची बदनामी आहे त्यात, रावसाहेब. तुम्हाला राग यायचा."

"राग? तीस वर्षं खात्यात काढली मी. काढा बाहेर!"

तिसऱ्या दिवशी टांग्यातून उतरले ते डोळे सुजलेले. काठी ओट्यावर आपटून म्हणाले, "भैयाजी, रडवलं हो! जेवण सुचू दिलं नाही त्या पुस्तकानं!"

आणि मग उभ्या उभ्या त्यांनी मला ती सगळी सांगितली. मीच विकलेली कादंबरी मलाच. एका संस्थानातला इन्स्पेक्टर. खुनाच्या वेळी संशयित आपल्याकडून फुलं घेत होता असं एका म्हाताऱ्या माळिणीनं त्याला सांगितलेलं असतं, आणि तो ते लिहीत नाही. निर्दोष माणूस जन्मठेपेवर जातो. इन्स्पेक्टरची झोप उडते. ब्रँडी धरतो, बायको माहेरी निघून जाते, रोज पहाटेपर्यंत खिडकीशी बसून असतो. त्याच्या हाताखालचा तरुण फौजदारही असाच पोळलेला; त्याचा सख्खा भाऊ कोठडीत मेला, आणि हा अफूवर जगतो. हे दोन मोडलेले पोलीस मिळून आपलीच जुनी केस पुन्हा उकरतात.

"आणि तो बिचारा आत सडतोय!" रावसाहेबांनी रुमाल काढला. "त्याची बायको त्याच्या सदऱ्याला बटणं लावून ठेवते, आठवतं? आज येईल, उद्या येईल! अहो, अशानं दगडाला पाझर फुटेल."

"फुटायला पाहिजे," मी म्हणालो.

"किती प्रती आहेत?"

सगळ्या घेतल्या. संपल्यावर आणखी मागवायला लावल्या. क्लबातल्या पेन्शनरांना, शेजारच्या डॉक्टरांना, जावयाच्या साहेबांना. एका शाळेच्या बक्षीस समारंभात भाषणाला उभे राहिले तर तिथंही तीच: एक निर्दोष माणूस आत असेल तर साऱ्या शहराला झोप लागता कामा नये, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. मला वाटलं, सौदा जमला.

मी भागीरथेला म्हटलं, "चल. आता फाटक उघडेल."

फाटक उघडलं. रविवारची सकाळ होती. रावसाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलेले, मांडीवर तीच लाल कादंबरी. त्यांच्या पत्नी इंदुताई सुपारी कातरत होत्या. भागीरथा पायरीवर बसली. तिनं हात जोडले आणि ठरवून आणलेलं सगळं विसरून एकदम म्हणाली, "साहेब, थे शेळी."

रावसाहेबांचा चेहरा उजळला. "शेळी! अरे हो! काय पळाली होती ती, पांढरं तोंड घेऊन! आणि ती म्हातारी! अगं, मी तुला सांगितलं होतं ना?"

"पुष्कळदा सांगितलंय," इंदुताई म्हणाल्या.

शेळी जिवंत होती. इतकी वर्षं हा माणूस ती पाहुण्यांना चहाबरोबर वाढत होता.

"साहेब, तेवढंच लिवा," भागीरथा म्हणाली. "पह्यल्या दिवशी रंभाबाईनं सांगितलं म्हून. दुसरं काही नोका लिवू."

रावसाहेब गंभीर झाले. कादंबरी त्यांनी मिटली, बोट मात्र पानातच ठेवलं. "बाई, तुझं दुःख मला कळतं. ही कादंबरी वाचून तर फारच कळलं. मत मागवल्याचा कागद आला तेव्हा मी स्वतःला विचारलं, खोटं नाही सांगत, आरशासमोर उभं राहून विचारलं: महादेवा, तूही त्या इन्स्पेक्टरसारखा चुकला नाहीस ना?"

मी पुढं सरकलो.

"आणि पाहा, भैयाजी. तो इन्स्पेक्टर दारू पितो. मी कधी थेंब घेतला? त्याची बायको सोडून गेली. ही समोर बसली आहे. त्याला झोप नाही. आणि मी? पाठ टेकली की सकाळ. विचारा हिला."

"घोरतात," इंदुताई म्हणाल्या. "शेजारच्या डॉक्टरांनी मधली खिडकी बंद करून घेतली."

"ऐकलंत? माणूस चुकला असता तर आतून कुठंतरी टोचलं असतं. लेखकानं ते फार बारकाईनं दाखवलंय. इतकी वर्षं झाली, मला काही टोचलं नाही. म्हणजे तपास बरोबर होता. मनात थोडी हुरहूर होती ती या पुस्तकानं काढून टाकली. तुमचे उपकार आहेत, भैयाजी."

इतकी वर्षं मी माणसं ओळखण्याच्या जोरावर पोट भरतो आहे. या गिऱ्हाइकाचं खातं मात्र मी चुकीचं पाडलं होतं. बोलल्या त्या इंदुताई. अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, आठवते आहे तर लिहा ना ती शेळी. शेळी लिहायला काय जातं?"

"तू कादंबरी वाचलीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस."

भागीरथा उठली. तिला रिकाम्या हातानं जाऊ देणं रावसाहेबांच्या जिवावर आलं. त्यांनी आत जाऊन एक कोरी प्रत आणली. "तुझा नवरा आहे त्या जेलात पाठवतो ही. कैद्यांनी अशी पुस्तकं ऐकली पाहिजेत. मन हलकं होतं."

परतताना टांग्यात ती मला एवढंच म्हणाली, "माणूस वाईट नाही गा. रडते बी. फक्त आपल्यासाठी नाही रडत."

मत गेलं. वकिलानं पुढं मला त्याचा मजकूर सांगितला: सदर तपासाबाबत माझ्या मनात कधीही तीळमात्र शंका उत्पन्न झाली नाही. त्यात शेळी नव्हती. अर्ज नामंजूर झाला.

कादंबरी मात्र इमानेइतबारे जेलात पोचली. हे आम्हाला तिथून सुटून आलेल्या एका माणसाकडून कळलं. बराकीत एक शिकलेला कैदी रोज संध्याकाळी ती मोठ्यानं वाचायचा आणि नत्थूजी अगदी पुढं बसून ऐकायचा. पण शेवटचं प्रकरण तिथल्या कोणा अंमलदारानं आधीच काढून ठेवलं होतं, कैद्यांची डोकी फिरू नयेत म्हणून. वाचणारा इन्स्पेक्टर कोर्टाच्या पायऱ्या चढेपर्यंत आला आणि पुढं पुठ्ठा.

भेटीला जायच्या दिवशी भागीरथा दुकानात आली. हातात गाठोडं, त्यात भाकरी आणि तिखटाची पुडी. अर्ज नामंजूर झाल्याचं नत्थूजीला अजून कळलं नव्हतं. तेच सांगायला ती चालली होती.

"भैयाजी, त्यानं निरोप धाडला. तुले इचारलं हाय."

"काय?"

"थो सुटला का गा?"

मी पुस्तकं झटकत होतो, ती झटकतच राहिलो. "सुटतो."

"कोण सोडवते त्याले?"

"तोच पोलीसवाला. भर कोर्टात उभा राहून सांगतो, मला माळिणीनं सांगितलं होतं, मी लिहिलं नाही."

भागीरथेनं गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. "मंग नाही सांगत मी त्याले. थो लगेच इचारन, आपल्या साहेबानं काय लिवलं?"

"अर्जाचं तर सांगावंच लागेल तुला."

"थे सांगतो न. अर्ज सरकारनं फेटाळला म्हणतो. सरकार म्हणजे कोणीच नाही. त्याच्यावर माणूस जास्त दिवस राग धरत नाही. पण साहेबाले शेळी याद हाय अन् त्यानं लिवली नाही, हे त्याले कळलं तं थो आत जगन कसा?"

"आणि कादंबरीचं काय सांगशील? विचारल्याशिवाय राहायचा नाही तो."

ती माझ्या फडताळांकडे पाहत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"तुह्या दुकानात उंदीर हायेत न?"

"आहेत."

"पुस्तकं खातात?"

"खातात."

"मंग शेवटची पानं उंदरानं खाल्ली म्हणतो," भागीरथा म्हणाली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि टेसनाच्या रस्त्याला लागली.